लांबलचक वैद्यकीय इंग्रजी शब्द: तोडायचे कुठे, जोर द्यायचा कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली माझ्याकडे इंग्रजी उच्चार शिकायला येतात. बरेचसे दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. प्रत्येक बॅचमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. शब्द छोट्या रेघांनी तोडला आहे, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक सिलॅबल. ठळक छापलेल्या तुकड्यावर जोर, म्हणजेच आघात. देवनागरीत इंग्रजी उच्चार हुबेहूब उतरत नाही, पण जोर कुठे पडतो ते दाखवायला ती पुरते.

## सिलॅबल म्हणजे आपलं अक्षरच ना?

जवळपास. अक्षर आपण कागदावर मोजतो, सिलॅबल तोंडात मोजायचा. 'अंगण' लिहिताना अक्षरं तीन, पण बोलताना झटके दोनच: अं-गण. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्या वेळा हाताला टेकेल साधारण तितके सिलॅबल. वर्गात हे करताना मुलं हसतात, पण मोजणी बरोबर येते.

ही मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा 'अर्थरायटिस' घ्या. त्यात आपण चार सिलॅबल करतो: अर्-थ-राय-टिस. मूळ शब्दात तीनच आहेत: आर्-**थ्राय**-टिस. मधला 'थ' आपण पदरचा घातलेला असतो.

## जोर द्यायचा म्हणजे मोठ्याने बोलायचं का?

मोठ्याने बोलणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. जोराचा सिलॅबल जरा लांबतो, आवाजाची पट्टी तिथे किंचित चढते आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. खरी गंमत उरलेल्या सिलॅबलांत होते. ते आक्रसतात. त्यांचे ए, ओ, आ सगळे झिजून एकाच पुसट स्वरावर येतात. तो स्वर आपल्या 'अ'च्या अगदी शेजारचा, म्हणजे या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं. स्पॅनिश माणसाला जो स्वर मुद्दाम शिकावा लागतो, तो आपल्या बाराखडीत पहिलाच बसला आहे.

अडचण येते ती लिहिण्यामुळे. आपण इंग्रजी स्पेलिंगमधला 'ओ' पाहतो, देवनागरीत 'ओ' लिहितो आणि मग तो पूर्ण उच्चारतो. मराठीत प्रत्येक स्वराला त्याचा मान मिळतो, इंग्रजीत तो एकालाच मिळतो. रोजच्या शब्दांत पाहा: **फो**-ट-ग्राफ, फ-**टॉग्**-र-फर, फो-ट-**ग्रॅ**-फिक. शब्द एकाच घरातले, पण जोर सरकला की आधीचा 'फो' बारीक होऊन 'फ' झाला आणि 'ट'चा 'टॉ' झाला. वैद्यकीय शब्दांत हेच घडतं, फक्त शब्द तिप्पट लांब असतात.

## आमच्या वॉर्डात सगळ्यांना समजतं. मग एवढी उठाठेव कशाला?

वॉर्डात सगळे आपल्यासारखेच बोलत असतील तर खरंच गरज नाही, आणि भारतीय इंग्रजीला कमी लेखायचं मला कारणही दिसत नाही. पण ज्याच्या कानाला जोराची सवय आहे, तो शब्द ओळखताना आधी जोराचा सिलॅबल शोधतो. तो चुकीच्या जागी सापडला की त्याच्या डोक्यात भलत्याच शब्दांची यादी उघडते. तुमचा 'ट' जरा वेगळा असला तर तो सांभाळून घेतो, जोर हलला तर मात्र "सॉरी?" म्हणतो.

उलट्या बाजूने मी स्वतः आपटले आहे. शिकवायला लागायच्या आधी काही काळ मी रात्रपाळीत मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करायचे. अमेरिकेतला डॉक्टर बोललेलं हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पहिल्याच आठवड्यात एक शब्द ऐकू आला, 'नू-म-**थॉ**-रॅक्स'. मी शब्दकोशात 'एन'ची पानं चाळत बसले. अर्ध्या तासाने शेजारच्या खुर्चीवरचा अनुभवी सहकारी न बघताच म्हणाला, "पी मध्ये बघ." कॉलेजात मी हाच शब्द 'न्यूमोथोरॅक्स' असा वाचला होता, सगळे स्वर सारखे ठणठणीत वाजवत. पुसट झालेल्या 'म'मागे 'ओ' आहे हे माझ्या कानाला ओळखूच आलं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवा शब्द आधी ऐकते आणि मग लिहिते.

## जोर कुठे पडतो याला नियम आहे, की पाठच करायचं?

नियम आहे, आणि तुमच्या ओळखीचा आहे. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू केलं होतं ना, 'यमाताराजभानसलगम्'? तेच इथे लागतं.

बहुतेक वैद्यकीय शब्दांची हाडं ग्रीक आहेत, पण इंग्रजीत ते लॅटिनच्या दारातून आले आणि येताना लॅटिनची जोर देण्याची पद्धत घेऊन आले. ती पद्धत अशी: शब्द शेवटाकडून मोजा. शेवटचा सिलॅबल सोडून द्या. त्याच्या आधीचा, म्हणजे उपांत्य सिलॅबल गुरू असेल तर जोर त्याच्यावर. तो लघु असेल तर जोर आणखी एक घर मागे जातो. गुरूची व्याख्याही आपलीच: स्वर दीर्घ असेल किंवा पुढे जोडाक्षराचा धक्का बसत असेल तर गुरू. (उपांत्य हा शब्द शुद्धलेखनाच्या नियमांत घोकला होता, तो असा उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.)

करून पाहू. ट्यु-बर्-क्यु-**लो**-सिस. शेवटचा 'सिस' सोडला. उपांत्य 'लो' दीर्घ, म्हणून गुरू. जोर तिथेच. आता कार्-डि-**ऑ**-ल-जी. 'जी' सोडला. उपांत्य 'ल' लघु. एक घर मागे गेलो की 'ऑ'. जोर तिथे.

तुम्ही म्हणाल, ट्युबर्क्युलोसिसमधेही 'ओ', कार्डिओलॉजीतल्या लॉमधेही 'ओ'. मग एक दीर्घ आणि एक लघु कसा? याचं उत्तर ग्रीक लिपीत आहे आणि ते कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी होतं. ग्रीकमध्ये 'ओ'साठी दोन अक्षरं आहेत, ओमिक्रॉन आणि ओमेगा. ओमिक्रॉन म्हणजे लहान ओ, ओमेगा म्हणजे मोठा ओ. 'ओसिस' आणि 'ओमा' या शेपट्यांत मोठा ओ आहे, म्हणून जोर त्यांच्यावर. 'लॉजी', 'स्कोपी', 'टमी' यांत लहान ओ आहे, म्हणून जोर त्यांना ओलांडून मागे जातो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही ओ एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे हा फरक पुसला गेला. नुसतं स्पेलिंग पाहून लघु-गुरू ठरवता येत नाही, आणि म्हणूनच शेपट्या ओळखाव्या लागतात.

## मग कोणत्या शेपट्या पाठ करू?

मी पहिल्या दिवशी फार देत नाही. पण या जमल्या की पाठ्यपुस्तकातला बराचसा डोंगर सपाट होतो.

ज्या स्वतः जोर घेतात त्या आधी. दाह सांगणारी 'आयटिस': अ-पेन्-डि-**साय**-टिस, हे-प-**टाय**-टिस, टॉन्-सि-**लाय**-टिस. आजाराची स्थिती सांगणारी 'ओसिस': थ्रॉम्-**बो**-सिस, सि-**रो**-सिस. गाठ सांगणारी 'ओमा': कार्-सि-**नो**-मा, ग्लॉ-**को**-मा. रक्ताविषयीची 'ईमिया' पहिल्या ईवर जोर घेते: अ-**नी**-मि-आ, लू-**की**-मि-आ. दुखणं सांगणारी 'अल्जिया' सुद्धा स्वतःच्या पहिल्या तुकड्यावर घेते: न्यु-**रॅल्**-ज. आणि कापून काढणं सांगणारी 'एक्टमी', जिच्यात 'एक्'वर जोर: हिस्-ट-**रेक्**-ट-मी, कॉ-लि-सिस्-**टेक्**-ट-मी. आपली मुलं नेमकं उलटं करतात, 'एक्टॉमी' म्हणत 'टॉ' ताणतात. 'टॉ' असा तिथे नाहीच, नुसता पुसट 'ट' आहे.

दुसऱ्या जातीच्या शेपट्या जोर स्वतः घेत नाहीत, आपल्या आधीच्या सिलॅबलवर ढकलतात. 'लॉजी', 'ग्राफी', 'स्कोपी', 'पॅथी', 'टमी', 'स्टमी', 'लिसिस' या त्या. इथे मला फार आवडणारी गोष्ट घडते. दोन ग्रीक शब्द जोडताना मध्ये सांध्यासाठी एक 'ओ' घालतात. कार्डि आणि लॉजी यांच्या मधला तो 'ओ' ना हृदयाचा, ना शास्त्राचा. त्याला स्वतःचा अर्थच नाही. आणि अख्ख्या शब्दाचा जोर नेमका त्याच्यावर येऊन बसतो. एन्-**डॉस्**-क-पी, लॅ-प-**रॉस्**-क-पी, को-ल-**नॉस्**-क-पी, म-**मॉग्**-र-फी, ऑफ्-थॅल्-**मॉ**-ल-जी: सगळीकडे सांध्याचा 'ओ' जोराने 'ऑ' झालेला दिसेल. 'लिसिस'च्या आधीचा स्वर कधी 'अ' असतो, तेव्हा जोर त्याला: डाय-**ॲ**-लि-सिस, प-**रॅ**-लि-सिस.

तिसरी जात 'इक', 'शन' आणि 'शिअन'ची. यांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर जोर, मग तो लघु असो की गुरू: डाय-अ-**बे**-टिक, इन्-फ्ल-**मे**-शन, पी-डि-अ-**ट्रि**-शन. 'शन' आज एक सिलॅबल असला तरी पूर्वी त्याचे दोन होत, त्यामुळे जुन्या हिशेबाने जोर शेवटून तिसऱ्यावरच पडत होता.

## एकाच शब्दाच्या घरात जोर इकडून तिकडे का पळतो?

कारण शेपटी बदलते आणि मोजणी शेपटीपासून होते. होमिओपॅथीचं उदाहरण मी नेहमी देते, कारण तो शब्द महाराष्ट्रात गल्लोगल्ली पाट्यांवर आहे. उपचारपद्धती: हो-मि-**ऑ**-प-थी. ते देणारा डॉक्टर: **हो**-मि-अ-पॅथ. त्याचं औषध कसलं? हो-मि-अ-**पॅ**-थिक. तीन शब्द, जोर तीन वेगळ्या ठिकाणी. 'पॅ' हा मोकळा स्वर ज्या शब्दात खरोखर जोराने येतो तो फक्त तिसरा, आणि आपण तो पहिल्यात घालतो. ॲलोपॅथीचंही तेच, अ-**लॉ**-प-थी.

भुलीच्या शब्दांचं घर तर याहून खट्याळ. भूल: ॲ-निस्-**थी**-झि-आ. भुलीचं औषध: ॲ-निस्-**थे**-टिक. भूल देणारा, ब्रिटनमध्ये: अ-**नीस्**-थ-टिस्ट. तोच अमेरिकेत: ॲ-निस्-थी-झि-**ऑ**-ल-जिस्ट. हे चार एका दमात बिनचूक म्हणणाऱ्याला माझ्याकडून चहा असतो. अजून फार चहा पाजावे लागलेले नाहीत.

उपकरण आणि तपासणी यांतला फरकही असाच आहे. उपकरण **एन्**-ड-स्कोप, तपासणी एन्-**डॉस्**-क-पी. फिल्म **मॅ**-म-ग्रॅम, तपासणी म-**मॉग्**-र-फी.

## शब्द अर्थाने तोडायचा की उच्चाराने?

समजून घ्यायला अर्थाने, म्हणायला उच्चाराने. दोन्ही करवती वेगवेगळ्या जागी चालतात. अर्थाची करवत: गॅस्ट्रो + एंटेरो + लॉजी, म्हणजे जठर, आतडं, शास्त्र. उच्चाराची: गॅस्-ट्रो-एन्-ट-**रॉ**-ल-जी. दुसऱ्या चिरफाडीत 'एंटेरो'चे तुकडे तीन सिलॅबलांत वाटले गेले आणि 'लॉजी'चा 'ल' एकटा पडला.

वैद्यकाबाहेरचं उदाहरण द्यायचं तर हेलिकॉप्टर. आपण हेलि-कॉप्टर असा तोडतो. मूळ तुकडे आहेत हेलिको आणि प्टर: मळसूत्रासारखं फिरणारं आणि पंख.

तो 'प्टर'मधला 'प' आणखी एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. न्यूमोनियात 'पी' मुका, मग झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात, **ॲप्**-नि-आमध्ये, तो का बोलतो? स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे 'पी'पुढे 'एन'च आहे. कारण इंग्रजी शब्द 'प्न'ने सुरू होऊ शकत नाही, त्या जिभेला ते जमत नाही, म्हणून शब्दाच्या तोंडाशी 'प' गळतो. शब्दाच्या मध्यावर मात्र त्याला आधीच्या सिलॅबलच्या टोकाला टेकता येतं: ॲप् | नि. जागा मिळाली की 'प' बोलतो. खोकल्यातून रक्त पडण्याचा शब्दही तसाच, हि-**मॉप्**-ट-सिस. शेवटाकडेही हा प्रकार दिसतो: **डाय**-अ-फ्रॅममध्ये 'ग' मुका आहे, कारण शेवटच्या 'म'आधी त्याला बसता येत नाही. पुढे शेपटी लागली की डाय-अ-फ्रॅग्-**मॅ**-टिक, 'ग' जिवंत. मुकी अक्षरं वेडगळ वाटतात, पण सिलॅबल तोडून पाहिले की ती का मुकी झाली ते दिसतं.

## शब्दकोशात शब्दामध्ये ठिपके असतात, ते सिलॅबलच ना?

अमेरिकी शब्दकोशांत मुख्य शब्दात जे ठिपके दिसतात ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा यासाठी असतात. ओळीच्या शेवटी एकच अक्षर लोंबकळत ठेवायचं नाही असा छपाईचा संकेत आहे, त्यामुळे अनीमियाच्या सुरुवातीचा 'अ' तिथे वेगळा तोडलेला दिसत नाही. खरे सिलॅबल पुढे उच्चार दिलेला असतो त्यात पाहायचे.

जोराची खूण वाचतानाही एक खड्डा आहे. बहुतेक शब्दकोशांत वरची छोटी उभी रेघ जोराच्या सिलॅबलच्या आधी असते. काही अमेरिकी वैद्यकीय शब्दकोशांत मात्र ती सिलॅबलच्या नंतर येते. नवा कोश हातात घेतला की आधी ओळखीचा एक शब्द काढून खूण कुठे आहे ते बघा. खाली येणारी रेघ असेल तर ती दुय्यम जोराची.

## नऊ-दहा सिलॅबलचा शब्द तोंडात बसतच नाही. काय करू?

शेवटापासून चढा. कान-नाक-घशाच्या शास्त्राचा शब्द घ्या, नऊ सिलॅबलचा. आधी फक्त 'ल-जी' म्हणा. मग 'गॉ-ल-जी'. मग 'रिंग्-गॉ-ल-जी'. मग 'लॅ-रिंग्-गॉ-ल-जी'. इथपर्यंत जीभ सैल झाली की 'राय-नो' पुढे लावा आणि सगळ्यात शेवटी 'ओ-टो'. ओ-टो-राय-नो-लॅ-रिंग्-**गॉ**-ल-जी. सुरुवातीपासून पाठ केलं तर दमछाक नेमकी जोराच्या जागी होते. शेवटापासून केलं तर प्रत्येक पायरीला जोर आधीच जागेवर बसलेला असतो.

माझी एक विद्यार्थिनी स्टीलच्या डब्यावर चमच्याने ताल धरायची. जोराच्या सिलॅबलला डब्याच्या झाकणावर ठण्ण, बाकीच्यांना कडेवर टिक टिक. तिला दुय्यम जोर समजावून सांगावा लागला नाही, हाताने आपोआप सापडला. लांब शब्दात मुख्य ठोक्याच्या आधी दोन-तीन सिलॅबलांवर एक हलका ठोका असतो: 'गॅस्'वर हलका, 'एन्'वर हलका, 'रॉ'वर पूर्ण. तो हलका ठोका दिला नाही तर शब्द घरंगळत जातो.

दुर्बिणीने अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात तपासण्याचा शब्द बारा सिलॅबलचा आहे: इ-सॉ-फ-गो-गॅस्-ट्रो-ड्यू-ओ-डी-**नॉस्**-क-पी. भीती वाटली तर शेपटी बघा. 'स्कोपी' आहे, म्हणजे जोर तिच्या आधीच्या सांध्यावर. बाकीचे नऊ तुकडे हे मालगाडीचे डबे.

प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी इंग्रजीतला 'सगळ्यात लांब' शब्द घेऊन येतो, म्हणून तोही सांगून टाकते. ४५ अक्षरं, १९ सिलॅबल: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय्-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-**ओ**-सिस. ज्वालामुखीच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार असा त्याचा अर्थ. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच रचला. डॉक्टर सि-लि-**को**-सिस म्हणून मोकळे होतात. पण गंमत पाहा, कोड्यासाठी जन्मलेल्या शब्दालाही 'ओसिस'चा नियम सुटलेला नाही.

## नियम मोडणारे शब्द कोणते?

'प्सी'ने संपणारे. **बाय**-ऑप्-सी, **ऑ**-टॉप्-सी. लघु-गुरूच्या हिशेबाने उपांत्य 'ऑप्' गुरू आहे, जोर तिथे हवा होता. **ए**-पि-लेप्-सी तर आणखी एक पायरी मागे, शेवटून चौथ्यावर. 'प्लास्टी'ही तशीच, जोर आपल्या आधी न ढकलता थेट शब्दाच्या तोंडाशी पाठवते: **ॲन्**-जि-अ-प्लॅस्-टी. म्हणून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी या एकाच रुग्णाच्या कागदावर शेजारी असणाऱ्या शब्दांत जोर वेगळा: ॲन्-जि-**ऑग्**-र-फी. 'इक'ला अपवाद म्हणून आर्सेनिक हे विष: **आर्**-स-निक.

पोटाचा शब्द दोन्ही प्रकारे चालतो, **ॲब्**-ड-मन आणि ॲब्-**डो**-मन. या यादीवर डोकं फार खपवू नका, ती छोटी आहे.

## ब्रिटिश म्हणायचं की अमेरिकन?

जिथे काम करायचं तिथलं, आणि एकाच वाक्यात दोन्हीची खिचडी करू नका. 'लॉजी', 'आयटिस' वगैरे शेपट्यांचे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक पडतो तो मुख्यतः 'अरी'सारख्या शेवटांत. प्रयोगशाळा ब्रिटनमध्ये ल-**बॉ**-र-ट-री, अमेरिकेत **लॅ**-ब्र-टॉ-री. श्वसनाचं विशेषण ब्रिटनमध्ये रि-**स्पि**-र-ट-री, अमेरिकेत **रेस्**-प-र-टॉ-री. केशवाहिनी ब्रिटनमध्ये क-**पि**-ल-री, अमेरिकेत **कॅ**-प-ले-री. मानेचं किंवा गर्भाशयमुखाचं विशेषण ब्रिटनमध्ये सर्-**वाय**-कल आणि **सर्**-वि-कल दोन्ही ऐकू येतं, अमेरिकेत फक्त दुसरं. लहान आतड्याच्या पहिल्या भागालाही अमेरिकेत दोन उच्चार आहेत, ड्यू-ओ-**डी**-नम आणि ड्यू-**ऑ**-ड-नम. दोघेही लॅटिनशी प्रामाणिक असल्याचा दावा करतील, पहिला खरा.

## औषधांच्या नावांना हेच नियम लागतात का?

अर्धेमुर्धे. औषधांची जातिवाचक नावं समितीने ठरवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी १९५३ मध्ये काढली. नावाच्या शेवटावरून औषधाचं घराणं कळावं अशी त्यांची रचना असते आणि तोच शेवट पुष्कळदा जोरही ठरवतो. 'मायसिन' स्वतः जोर घेतो: अ-झिथ्-र-**माय**-सिन. 'सिलिन'ही: अ-मॉक्-सि-**सि**-लिन. 'फ्लॉक्सासिन'मध्ये 'फ्लॉक्'वर: सि-प्रो-**फ्लॉक्**-स-सिन. मेट्-**फॉर्**-मिन सोपं. पॅरासिटामॉल पॅ-र-**सी**-ट-मॉल, आणि तेच औषध अमेरिकेत अ-सी-ट-**मि**-न-फेन. अमेरिकेत जातिवाचक नाव मंजूर होतं तेव्हा त्याचा उच्चार जोराच्या खुणेसह प्रसिद्ध होतो, त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा तो बघून घ्यावा. ब्रँडचं नाव मात्र कंपनी म्हणेल तसं.

## जोर नीट दिला तरी घोटाळा होऊ शकतो का?

हो, आणि या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

उच्च रक्तदाब आणि अल्प रक्तदाब. हाय-पर्-**टेन्**-शन, हाय-पो-**टेन्**-शन. जोर दोन्हीत 'टेन्'वर, म्हणजे फरक दाखवणारा तुकडा नेमका अंधारात. ब्रिटिश बोलण्यात 'पर्'चा 'र' सुद्धा ऐकू येत नाही. फोनवर, मास्कमधून, पंख्याच्या आवाजात दोन्ही सारखे लागतात. अशा वेळी नियम खुशाल मोडायचा आणि फरकाच्या तुकड्यावर ठोका द्यायचा: हाय-**पो**-टेन्शन. किंवा सरळ 'बीपी लो आहे' म्हणायचं. इंग्रज डॉक्टरही हेच करतात.

श्वासनलिकेच्या दोन शस्त्रक्रिया, ट्रॅ-कि-**ऑ**-ट-मी आणि ट्रॅ-कि-**ऑस्**-ट-मी. एक नुसता छेद, दुसरं उघडं ठेवलेलं छिद्र, मध्ये फरक एका 'स'चा. तो 'स' गिळू नका. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड यांचे इंग्रजी शब्द तर उच्चारात अगदी एक आहेत, **इ**-लि-अम. तिथे जोर काहीच करू शकत नाही. 'आतड्याचा' की 'हाडाचा' हे जोडूनच बोलावं.

आणि आकडे. **फिफ्**-टी म्हणजे पन्नास, फिफ्-**टीन** म्हणजे पंधरा. एकटे म्हटले तर जोरावरून कळतात. पण पुढे 'मिलिग्रॅम' लागला की बोलणारा पंधराचाही जोर नकळत पुढे ओढतो, **फिफ्**-टीन मिलिग्रॅम, आणि ऐकणाऱ्याला पन्नास ऐकू येतात. म्हणून डोस सांगताना आकडा सुटा करून पुन्हा सांगायचा: फिफ्टीन, वन-फाइव्ह. फोनवरचा डोस लिहून घेतला की तो परत वाचून दाखवायचा, आणि वाचतानाही सुटा करायचा.

## ओईटीसाठी हे सगळं लागतं का?

ओईटी म्हणजे परदेशात काम करू पाहणाऱ्या डॉक्टर-नर्सेस वगैरेंची इंग्रजीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात आणि गुण देताना तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला सहज कळतं का हे पाहिलं जातं. जोर त्यात येतोच. पण समोर रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या भूमिकेतला माणूस असतो. त्याच्यापुढे कॉ-लि-सिस्-**टेक्**-ट-मी कितीही सुंदर म्हटलंत तरी, 'पित्ताशय काढायचं ऑपरेशन' असं साध्या इंग्रजीत सांगणाराच बरोबर. लांब शब्दांचा सराव हँडओव्हरसाठी, राउंडसाठी, सहकाऱ्यांशी फोनवर बोलण्यासाठी करा.

## मग आता मराठीत बोलतानाही 'होमिऑपथी' म्हणू का?

अजिबात नको. होमिओपॅथी, सोनोग्राफी, डायबेटिस, हॅमरेज हे आता मराठी शब्द आहेत. आपल्या जिभेने ते आपल्या मापाने बेतून घेतले, जसं बटाट्याचं आणि पावाचं केलं. इंग्रजी वाक्यात डाय-अ-**बी**-टीझ, मराठी वाक्यात डायबेटिस, आणि दोन्ही बरोबर. आजीच्या उशाशी बसून तुम्ही स-**नॉग्**-र-फी म्हणालात तर ती एवढंच विचारेल, "ते राहू दे, सोनोग्राफीत काय निघालं ते सांग."